धबधब्यासमोरचा कठडा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी कठडा आहे. समुद्राच्या कडेने जाणारी पायवाट जिथे वळते, तिथे एक छोटा धबधबा आहे. उंची जेमतेम दोन माणसांएवढी. त्याच्या समोर, खोल घळीच्या काठावर मी उभा असतो.

एका सुताराने मला घडवलं. कुणाच्या हाताला कुसळ लागू नये म्हणून वरची फळी त्याने दोन दिवस घासली होती. दरवर्षी तो येऊन मला तेल पाजायचा. लोक माझ्यावर रेलून फोटो काढायचे. मी खुशीत होतो.

पुढे सुतार थकला आणि त्याचं येणं थांबलं. खाऱ्या वाऱ्याने माझे खिळे गंजले, मधला खांब बुडाशी कुजला. रोज इतकी माणसं यायची, पण सगळ्यांची नजर पाण्यावर. कुणीतरी पडेल, या धास्तीने माझा जीव अर्धा व्हायचा.

एके सकाळी एक आजोबा सुनेबरोबर आले. त्यांना दिसत नव्हतं. माझ्या फळीवरून हात फिरवत ते सावकाश चालत होते. सून पुढे होऊन नेमकी त्या कुजक्या खांबाला टेकणार, एवढ्यात आजोबांच्या हाताखाली फळी हलली आणि ते थबकले.

"टेकू नकोस गं. खांब हलतोय."

"चांगला तर दिसतोय, बाबा."

"दिसत असेल. हाताने हलवून बघ."

तिने हलवला. तो सैल दातासारखा डुगडुगला. गळ्यातला लाल रुमाल सोडून तिने खांबाला बांधला आणि वाटेची देखभाल करणाऱ्या कचेरीला फोन लावला.

"ते म्हणतात, कठडा काढून वाटच बंद करतो," ती म्हणाली.

आजोबांनी फोन मागून घेतला.

"साहेब, वाट बंद केलीत तर मी धबधबा बघायला जाऊ कुठे? एक सुतार पाठवा की."

तीन दिवसांनी माझ्या जुन्या सुताराची मुलगी हत्यारं घेऊन आली. तिने दोन खांब बदलले, खिळे नवे ठोकले आणि मला पोटभर तेल पाजलं.

मित्रांनो, कठड्याला टेकण्याआधी एकदा हाताने हलवून बघा. सैल लागला तर कुणाला तरी सांगा. आम्हाला तोंड नाही.

परवा आजोबा पुन्हा आले. त्यांचा हात नव्या खांबावर थांबला.

"हा नवा दिसतोय," ते म्हणाले. सुनेला हसू आलं, त्यांनाही आलं. मग दोघंही माझ्यावर बिनधास्त रेलून पाण्याचा आवाज ऐकत उभी राहिली.