बूट न काढणारी मुलगी

२००६ च्या सप्टेंबरअखेर आठ वर्षांच्या कादंबरीने इंग्रजी बोलणं थांबवलं. पहिले पंधरा दिवस तिच्या आईबाबांना त्याचा आनंदच झाला.

तिचे आईबाबा हिमानी आणि गिरीश अमेरिकेत पार्सिपनीला दोन बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये राहत होते. गिरीश ज्या सॉफ्टवेअर कंपनीत होता तिचे मालक पुरुषोत्तमकाका. मूळचे नागपूरचे, साठीला आलेले, तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात पहिल्या रांगेत. दर रविवारी सकाळी दहा ते बारा ते आपल्या घराच्या बेसमेंटमध्ये मराठीचा वर्ग घेत. सात मुलं होती. गिरीशच्या ग्रीन कार्डचा अर्ज काकांच्याच कंपनीतून गेला होता, त्यामुळे मुलीला वर्गाला पाठवायचं की नाही असा प्रश्न त्या घरात कधी निघाला नाही.

दसऱ्याच्या जेवणाला कादंबरी सगळ्यांसमोर म्हणाली, "मला अजून भात नको. माझं पोट भरलं आहे." बायका बघतच राहिल्या.

"काकांनी जादू केली हो!" कोणीतरी म्हणालं. "आमचा अनीश अजून 'आय अ‍ॅम डन' म्हणून उठतो."

काका हसले. "जादू नाही, शिस्त."

मग बुटांचं सुरू झालं. कादंबरी शाळेतून येई आणि बुटांसकट आत चालत जाई. हिमानीने आधी सांगितलं, मग रागावली, एकदा दंडाला धरून दारापर्यंत नेलं. "आपण काय अमेरिकन आहोत का? बूट काढ आधी!" कादंबरीने काढले. रात्री पांघरूण सारखं करताना हिमानीच्या हाताला पुन्हा बूटच लागले.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात शाळेतून चिठ्ठी आली. कादंबरी वर्गात बोलत नाही, विचारलं तरी नाही.

"लाजाळू झाली असेल," गिरीश म्हणाला. "वय आहे यार."

हिमानीचा व्हिसा नवऱ्यावर अवलंबून होता, नोकरीची परवानगी नव्हती. मुळा आणि कोथिंबीर ती एका कोरियन बाईच्या दुकानातून आणायची. ती बाई काउंटरमागे कोरियन सिनेमांच्या डीव्हीडी ठेवायची आणि आठवड्याला एक हिमानीच्या पिशवीत टाकायची. इंग्रजी सबटायटल असलीच तर. एका गुरुवारी दुपारी हिमानीने त्यातली एक लावली.

समुद्रकाठचं गाव होतं. दहा वर्षांची मुलगी रोज दुपारी शेजारच्या म्हाताऱ्या मास्तरांकडे अक्षरं गिरवायला जाते. मास्तरांना गावात मान आहे. त्यांच्या दाराआड काय होतं ते सिनेमात दाखवत नाहीत. दार बंद होतं, एवढंच दिसतं. पुढच्या प्रसंगात मुलगी घरी येते आणि बूट न काढता आत चालत जाते. तिची आई तिला मारते.

त्या घरातही बूट दाराशीच काढत होते. एखाद्या अमेरिकन माणसाला त्या प्रसंगात काहीच दिसलं नसतं. हिमानीने सिनेमा मागे नेला आणि पुन्हा पाहिला. मुलगी अंथरुणात झोपली आहे, पांघरुणातून बुटांची टोकं बाहेर आली आहेत, नाड्यांना दुहेरी गाठ मारली आहे. पळायची वेळ आली तर बूट शोधावे लागू नयेत म्हणून.

तिसऱ्यांदा तिने तो प्रसंग पाहिला नाही. ती उठून धुण्याच्या टोपलीपाशी गेली.

रविवारचे पांढरे मोजे तळाशी होते. तळवे सिमेंटच्या धुळीने करडे झाले होते. गेले पाच रविवार ती हे मोजे ब्लीचमध्ये टाकत होती आणि मनात म्हणत होती, बेसमेंट म्हणजे धूळ असायचीच. पण काकांच्या बेसमेंटमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कार्पेट होतं. दिवाळीची मीटिंग तिथेच झाली होती. कार्पेट नव्हतं ते फक्त एका ठिकाणी, जिन्याखालच्या खोलीत. घर तापवणारी भट्टी तिथे होती. त्या दाराला बाहेरून कडी होती.

तीन वाजून दहा मिनिटांनी बस आली. कादंबरी बुटांसकट आत आली. हिमानीने स्वतःचे बूट घातले, मुलीच्या पलंगावर बसली आणि पाय वर घेतले. कादंबरी दारात उभी राहून चादरीवरच्या त्या बुटांकडे बघत राहिली.

"ये," हिमानी म्हणाली. "इंग्लिशमध्ये बोललीस तरी चालेल."

कादंबरीने भिंतीतल्या गरम हवेच्या जाळीकडे बोट केलं आणि अगदी हळू विचारलं, "मॉम, इज ही लिसनिंग?"

हिमानीने जाळीवर उशी दाबून धरली. मग मुलगी बोलली. पाच आठवड्यांचं सगळं इंग्रजी तिच्या तोंडून एकदम बाहेर आलं.

वर्गात एक इंग्रजी शब्द निघाला की पाच मिनिटं भट्टीच्या खोलीत. दोन निघाले की दहा. काका स्वयंपाकघरातला टायमर लावत आणि दिवा बाहेरून बंद करत. आत निळी ज्योत दिसायची. मग कधीतरी आवाज व्हायचा आणि सगळी आग एकदम पेटायची. बूट वर दाराशी असायचे. काकांनी सांगितलं होतं की भट्टीचे पाइप सगळ्या घरांत आणि शाळांत असतात आणि त्यांतून त्यांना सगळं ऐकू येतं. घरी सांगितलं तर बाबांचे कागद फाडून टाकतील आणि तिघांना परत पाठवतील.

"कितीदा गेलीस?"

कादंबरीने दोन्ही हातांची बोटं मोजली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

हिमानीला टायमर आठवला. एकदा ती मुलीला न्यायला लवकर पोहोचली होती तेव्हा खालून घंटी वाजली होती. "काय हो शैलजाकाकू, केक का?" तिने विचारलं होतं. काकू कणीक मळत होत्या. त्यांनी मान वर केली नव्हती. "पाठांतराला लावतात ते," एवढंच म्हणाल्या होत्या.

संध्याकाळी गिरीशने सगळं ऐकलं आणि तो बराच वेळ हात धूत राहिला.

"तू पिक्चर बघितलास आणि..."

"मोजे बघ."

त्याने मोजे पाहिले. "मी बोलतो त्यांच्याशी. पण हा महिना नको, हिमानी. अप्रूव्हल यायचंय. तोवर हिला ताप आहे म्हणून सांगू, पाठवायचं नाही. झालं."

"आणि बाकीची सहा?"

भिंतीतली जाळी कुरकुरली, गरम हवा आली, आणि आतल्या खोलीत कादंबरीच्या पेन्सिलीचा आवाज थांबला. ते गिरीशच्याही लक्षात आलं.

रविवारी सव्वादहाला हिमानीने गाडी काकांच्या दाराशी लावली. गिरीश कादंबरीपाशी घरी होता. गाडीची किल्ली त्यानेच तिच्या हातात दिली होती.

दाराशी लहान बुटांचे सहा जोड होते. शैलजाकाकूंनी दार उघडलं. "अगं, कादंबरीला बरं नाही ना?" हिमानी त्यांच्या बाजूने आत शिरली. पांढऱ्या कार्पेटवरून, जिन्यावरून, बुटांसकट.

खाली पाच मुलं मांडी घालून बसली होती. एकही मूल हलत नव्हतं. काकांच्या शेजारी टेबलावर टोमॅटोच्या आकाराचा टायमर टिकटिकत होता.

काकांनी आधी तिच्या पायांकडे पाहिलं. "हिमानी! कार्पेटवर बूट?"

तिने कडी काढली. आत अंधारात, भट्टीपासून जमेल तितकं दूर, सहा वर्षांची उपासना भिंतीला पाठ लावून उभी होती. ती रडत नव्हती. ओठ घट्ट मिटले होते. हिमानीने तिला उचललं तेव्हा तिचे पाय बर्फासारखे गार लागले.

"शिस्त आहे ही," काका शांतपणे म्हणाले. "सगळ्यांच्या आयांना निकाल आवडतो. तुलाही आवडला होता." मग आवाज खाली आणून, "गिरीशचा अर्ज मागे घेणं माझ्या हातात आहे. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे." ती उपासनाला कडेवर घेऊन मुलांकडे वळली. "चला रे, वर चला सगळे."

मुलांनी काकांकडे पाहिलं. मग हिमानीच्या बुटांकडे. मग एकेक उठलं.

वर दाराशी ती जमिनीवर बसली. एका हाताने मोबाइल कानाशी धरून तिने उपासनाच्या आईला फोन लावला, मग अनीशच्या. प्रत्येकीला तीच चार वाक्यं सांगितली, आणि शेवटी, आत्ता ये. शैलजाकाकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी तिला थांबवलं नाही. मदतही केली नाही.

ती उपासनाच्या दुसऱ्या बुटाची नाडी बांधत होती तेव्हा खाली टायमर वाजला. भट्टीच्या खोलीत आता कोणी नव्हतं, तरी सहाही मुलांचे हात जागच्या जागी थांबले. एकाच्या पायात अर्धा बूट होता, तो तसाच राहिला.

घंटी थांबेपर्यंत कोणी हललं नाही. मग जिन्यावर काकांची पावलं वाजू लागली. हिमानीने नाडीला दुसरी गाठ मारली.