सहाचा ताप सातला

मोठ्या सिस्टर थर्मामीटर ज्या पेल्यात बुडवून ठेवत, त्यात एके काळी जंतुनाशक होतं म्हणे. आता नुसतं गढूळ, बुळबुळीत पाणी आणि वर तरंगणारा एक केस. वॉर्डात नव्याने आलेल्या नर्सने पहिल्याच सकाळी ते पाहिलं आणि आपला थर्मामीटर वेगळा ठेवला.

मोठ्या सिस्टरची पद्धत ठरलेली. खाट एक ते सात, थर्मामीटर एकच. या जिभेखालून काढायचा, एप्रनला पुसायचा, त्या जिभेखाली कोंबायचा. एप्रनचा रंग तर विचारूच नका! झटकायचा मात्र फेरीआधी एकदाच. सारखा झटकला की फुटतो, हे त्यांचं वीस वर्षांचं शहाणपण. आता पारा काय, एकदा चढला की झटकल्याशिवाय उतरतो थोडाच? सहा नंबरच्या बाईला एकशेतीन ताप, म्हणून सात नंबरच्या आजींनाही एकशेतीन.

आजींचे टाके सुकले होते, भूक सणसणीत होती, पण तक्त्यावरच्या तापाने चार दिवस त्यांची सुट्टी अडवली होती.

"नातू परवा बोटीवर चाललाय गं, तीन वर्षांसाठी," त्या म्हणाल्या. "तेवढं तोंड बघू दे त्याचं."

नर्सने स्वतःचा थर्मामीटर काढला, पारा पार खाली जाईपर्यंत झटकला, जिभेखाली ठेवून तीन मिनिटं आजींना ओठ मिटायला लावले. मग डोळ्यांसमोर आडवा धरून चंदेरी रेघ दिसेपर्यंत हळूच फिरवला. साडेअठ्ठ्याण्णव!

"सिस्टर, ताप सहाचा आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी देतोय आपण."

"काल आलीस आणि मला पारा शिकवतेस? तक्ता बदलायचा नाही."

नर्स तडक डॉक्टरांकडे गेली. "उद्या सकाळी तूच बघ," ते म्हणाले. "ताप नसला तर लगेच सोडतो."

संध्याकाळी मोठ्या सिस्टरची फेरी नेहमीसारखीच झाली.

सकाळी आजी केस विंचरून, पिशवी भरून बसल्या होत्या. नर्सने थर्मामीटर झटकला, लावला, वाचला. पुन्हा झटकला, पुन्हा वाचला. एकशेदोन. कपाळाला हात लावला, तर चटका बसला. सहाच्या तोंडातलं चार दिवस सातच्या तोंडात जात होतं, दुसरं काय होणार? तिला शिसारी आली, आणि रडूही.

"नाही ना गं ताप?" आजींनी विचारलं.

"बघ, मी म्हणत नव्हते?" मागून मोठ्या सिस्टर म्हणाल्या, आणि पेल्यातला थर्मामीटर एप्रनला पुसत खाट एककडे वळल्या.