देवीला दिसलेली तीट

"फिटरनं लावून दिलेला पासवर्ड आधी बदल," साक्षीनं फोनवर बजावलं होतं. साक्षी ही हेमालीची कॉलेजातली मैत्रीण, आता अलिबागला कॉम्प्युटर शिकवते. "तुझा कॅमेरा इंटरनेटवर चालतो. पासवर्ड ज्याच्याकडे, त्याला कुठूनही तुझं घर दिसणार."

"अगं, कॅमेरे बसवणारा रितेश गावातलाच आहे. अर्ध्या गावाचे कॅमेरे त्यानंच बसवलेत. आणि माझ्या घरात बघण्यासारखं आहे काय? पाळणा आणि सुकट!" हेमालीनं विषय उडवून लावला.

तिच्या त्याच गावात, रेवदंड्यात, आता दर मंगळवारी रतनबायच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसायची. रतनबायच्या अंगात देवी यायची, आणि ही देवी भलतीच चौकस होती. कुणाच्या ओट्यावरचे बोंबील मांजरानं ओढले, कुणाच्या सुनेनं सासूची पाठ फिरताच टीव्ही लावला, सगळं तिला बसल्या जागी दिसायचं. रतनबाय केस सोडून घुमायची. तिचा भाचा रितेश मागे बसून एका हातानं मोरपिसांचा वारा घालायचा, दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर आरती लावायचा.

"भिंतीतून बघतंय गो मी! पत्र्यातून बघतंय! सात समुद्रांपार बघतंय!" देवी गर्जायची. समुद्रापारची बातमी मात्र तिनं कधी दिली नाही. तिची धाव गावातल्या मांजरांपर्यंतच.

हेमालीचं दुखणं वेगळं होतं. नवरा विनेश बोटीवर, ती स्वतः क्लासवर शिकवायला; रांगता कान्हा दिवसभर मोठ्या जावेपाशी, केसरपाशी. केसरला मूलबाळ नव्हतं. पाळण्याजवळ काही हललं की हेमालीचा फोन वाजायचा. उघडून बघावं तर केसर पाळणा हलवतेय आणि कान्हा तिच्याकडे बघून असा खुदखुदतोय, की हेमालीला ते बघवायचं नाही. मग ती कॅमेऱ्याच्या स्पीकरमधूनच विचारायची, "ताई, दूध कोमट करून दिलंत ना?"

केसर दचकून छताकडे बघायची. "दिलं गो बाय."

संध्याकाळी कान्हा आईच्या कडेवरून केसरच्या खोलीकडे हात करायचा. हेमाली तो हात धरून खाली घ्यायची.

एका मंगळवारी देवीनं हेमालीच्या सासूला पुढे बोलावलं. "चंद्रे, तुझा नातू काल पाळण्यातून पडता पडता वाचला. धाकटी घरात न्हवती. थोरलीनं झेलला. उजव्या गालाला तीट होती म्हणून वाचला! आईची सावली जड हाय पोराला. येत्या मंगळवारी त्याला थोरलीच्या ओटीत घाल. न्हायतर..."

पुढचं रितेशच्या शंखानं सांगितलं.

चंद्राबाईंनी पदर पसरला. केसर रडत होती, पण त्या रडण्याला सुखाची कड होती. ती हेमालीला बरोबर दिसली.

घरी येताच हेमाली केसरवर उसळली. "तुम्हीच जाऊन सांगितलंत ना रतनबायला?"

"कान्हाची शपथ, न्हाय! तो घसरला हे मी आईंनापण सांगितलं न्हाय. तू ओरडशील म्हणून."

"मग हाय का न्हाय देवी खरी?" चंद्राबाई म्हणाल्या. "आणि देतो कुठं गो पोराला? एकाच घरात तर ऱ्हाईल."

हेमालीला पुढे ऐकूच आलं नाही. तिच्या डोक्यात भलतंच घुसलं होतं. या घरात तीट डाव्या गालावर लावतात. कालही तिनं स्वतः डाव्याच गालावर लावली होती. मग देवीला उजव्या गालावर कशी दिसली?

तिनं फोन उघडला. पडद्यावरच्या कान्हाची तीट उजव्या गालावर होती. डावीकडचं कपाटही उजवीकडे होतं. रितेशनं छताला कॅमेरा उलटा टांगला, चित्राचं डोकं खाली आलं, म्हणून सेटिंगमध्ये वरचं खाली करून दिलं. डाव्याचं उजवं झालेलं तसंच राहिलं. रोज बघून तिला सवय झाली होती. आणि देवीच्या दृष्टीत नेमका तोच दोष!

"पासवर्ड लगेच बदलू नकोस," सगळं ऐकून साक्षी फोनवर म्हणाली. "आधी गावाला दाखवू. मी येते."

मंगळवारी अंगण तुडुंब भरलं. केसर नवं लुगडं नेसून ओटी पसरून बसली होती. हेमालीनं हात जोडले. "ओटीत घालते, देवी. पण एवढं सांगा, माझं बाळ आत्ता कुठाय?"

रितेशनं मोबाइलकडे पाहिलं. मोरपिसं रतनबायच्या कानाशी हलली.

"पाळण्यात! टोपडं घातलंय, उजव्या गालाला तीट हाय. माझा हात फिरतोय त्याच्यावर!"

"उपाशी तर नाही ना?"

"पोटभर दूध पिऊन निजलंय लेकरू!"

"आई, तुम्हीच घेऊन या त्याला," हेमाली सासूला म्हणाली.

घर पलीकडच्याच गल्लीत. चंद्राबाई परतल्या तेव्हा त्यांच्या हातात टोपडं घातलेला, डाव्या बाजूला काजळाचा टिळा लावलेला नारळ होता. मागून साक्षी आली, कडेवर जागा कान्हा.

"आयो, नारळानं दूध प्यायलं!" कुणीतरी ओरडलं आणि अंगण हसण्यानं फुटलं.

"देवी नाही, कॅमेरा बघतो," हेमाली म्हणाली. "रितेशनं बसवलेल्या प्रत्येक कॅमेऱ्याचा पासवर्ड त्याच्याकडे आहे." तिनं सर्वांसमोर आपला पासवर्ड बदलला. साक्षीनं रितेशचा मोबाइल ओढून वर धरला. पाळण्याचं चित्र गेलं होतं, मोबाइल पुन्हा पासवर्ड मागत होता.

"देवी कोपून गेली!" रतनबाय किंचाळली.

"व्हय गो, रेंज गेली तिची!" मागून उत्तर आलं.

त्या दिवशी गावानं घरोघरचे पासवर्ड बदलले. हसण्याच्या त्या कल्लोळात केसर कधी उठून गेली ते कुणी पाहिलं नाही. तिच्या खोलीचं दार लागलं ते लागलंच. हेमालीला आधी बरं वाटलं, अगदी खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. मग दुसऱ्या दिवशी सकाळी कान्हानं त्या बंद दाराकडे हात केला. या वेळी तिनं तो खाली घेतला नाही.

"ताई, कॅमेरा काढून ठेवलाय मी. क्लासला चाललेय. ह्याला घेता?"

कडी निघायला वेळ लागला, पण निघाली.

हेमालीचं तुम्हाला सांगणं एवढंच. जी देवी मांजराची चोरी सांगते, तिला आधी विचारा, कुठून बघतेस? कॅमेऱ्याचा पासवर्ड आजच बदला आणि तो स्वतःपाशी ठेवा. आणि तुमच्या गल्लीत कुण्या बुवानं मुलाची आशा लावलेली एखादी बाई असेल, तर चमत्कार उघडा पडल्यावर हसून घरी जाऊ नका. तिचं दार वाजवा. जेवली का, विचारा.