मुसाशी अजून आला नाही

बावीस वर्षं मी दर एप्रिलमध्ये एकाच माणसाच्या हातून मरतो आहे. तो माणूस म्हणजे माझे दाजी, तोकुदा एइजी. गावच्या जत्रेतल्या खेळात ते मुसाशी होतात आणि मी कोजिरो. चारशे वर्षांपूर्वी आमच्या सामुद्रधुनीतल्या बेटावर या दोघा तलवारबाजांची लढाई झाली. मुसाशी मुद्दाम उशिरा आला, वाट बघून बघून कोजिरोचं डोकं फिरलं आणि तो तिथेच हरला, असं सांगतात. येताना होडीत बसून वल्हं तासूनच मुसाशीने लाकडी तलवार केली म्हणे. पुढे त्याच्यावर सिनेमे निघाले, कॉमिक्स निघाली, गेम निघाले, आणि आमच्या गावात त्याच्या चेहऱ्याची तांदळाची बिस्किटं निघाली. कोजिरोचीही एकदा काढली होती. ती पडून राहिली.

दाजी अडुसष्ट वर्षांचे, धंदा होड्या बांधायचा. त्यांचा नियम कडक होता. सकाळी एकट्याने होडी घेऊन भूशिराच्या मागे जायचं, फोन घरी ठेवायचा, खरोखरचं वल्हं तासत बसायचं आणि मनाला येईल तेव्हा किनाऱ्याला लागायचं. बोलवायला कोणी जायचं नाही. बोलावून आणला तर तो मुसाशी कसला, असं त्यांचं म्हणणं. कधी वीस मिनिटं उशीर, कधी पस्तीस. तोवर मी जांभळ्या पोशाखात, ती लांबलचक तलवार पाठीला बांधून उन्हात येरझाऱ्या घालायच्या. मला या प्रकाराचा मनापासून संताप येतो. त्या संतापामुळेच माझं काम चांगलं होतं, असं दाजी गावभर सांगत सुटतात.

यंदा अकराची वेळ होती. तीनशे माणूस जमलं होतं, टीव्हीवाले आले होते. कुठल्याशा गेममधल्या मुसाशीसारखे लाल केस लावून दोन कॉलेजच्या मुली पुढे बसल्या होत्या. माईक नेहमीप्रमाणे आमच्या न्हाव्याच्या, नाकाओ-सानच्या हातात होता.

"बघा मंडळी, कोजिरोचा चेहरा बघा! सकाळपासून घरात कोणाशी धड बोललेला नाही!"

लोक हसले. मी वाळूत थुंकलो. थुंकणं भूमिकेत बसतं.

अकरा पस्तीसला ताई नूडल्सच्या टपरीवरून ओले हात पुसत आली. ताई म्हणजे माझी मोठी बहीण, दाजींची बायको.

"शिगे, पाणी फिरलं."

मी समुद्राकडे पाहिलं. आमच्याकडे प्रवाह दिवसातून चार वेळा उलटतो आणि उलटला की कोणाचं ऐकत नाही. दाजी कितीही ताणोत, पाणी फिरायच्या आत येतात. होड्या बांधणारा माणूस पाण्याशी पैज लावत नाही.

"टीव्हीवाले आलेत ना ताई, म्हणून ताणतायत."

"त्यांना पाण्याची मस्करी करताना कधी पाहिलंस? मोटारबोट घे नि बघून ये."

"मी? कोजिरो मुसाशीला शोधायला जाणार? उद्या माझ्या दुकानात मासे घ्यायला कोणी येणार नाही, नुसतं हसायला येतील. जा तू, लोक बघतायत."

ती गेली. जाताना दोनदा मागे वळून पाहिलं. मला तेवढं पुरायला हवं होतं.

पण मनात वेगळंच होतं, ते आता सांगूनच टाकतो. बावीस वर्षं मी दरवेळी आधी ढळलो होतो. यंदा ढळायचं नाही, असं ठरवलं. मी मांडी घालून शांतपणे वाळूत बसलो. टाळ्यांचा कडकडाट झाला. मला बरं वाटलं. लाज वाटते, पण वाटलं.

बारा वाजले. एक म्हातारबुवा ओरडले, "याला म्हणतात मुसाशी! तासभर!" नाकाओ-सानने विक्रम जाहीर करून टाकला. तेवढ्यात लाल केसांतली एक मुलगी पुढे वाकून हळूच म्हणाली, "काका, ते खरंच येणार आहेत ना?"

तीनशे माणसांत हे तिनेच विचारलं. मी उठलो, तलवार फेकली आणि धक्क्याकडे पळत सुटलो. मोटारबोटवाला म्हणाला, "आधी नाकाओ-सानना विचारा."

"खड्ड्यात गेला तुझा नाकाओ! चालू कर!"

मागे सगळा किनारा हसत होता. कोजिरो पळाला!

दाजींची होडी भूशिरामागच्या खडकांना अडकून हेलकावे खात होती. दाजी तळाशी कुशीवर पडले होते. डोळे उघडे, तोंड एका बाजूला ओघळलेलं. वल्हं तासायला जेमतेम सुरुवात झाली होती. एरवी त्यांच्या पायाशी ढलप्यांचा ढीग पडतो, आज पाच-सहाच होत्या. म्हणजे लोक जमायच्याही आधीच घडलं होतं ते. त्यांनी डाव्या हाताने माझी बाही धरली आणि घशातून कसलासा आवाज काढला.

आम्ही परत येताना दिसलो तसे सगळे उभे राहून टाळ्या वाजवू लागले. "आला! मुसाशी आला! कोजिरो स्वतः घेऊन आला!" मी ॲम्ब्युलन्स, ॲम्ब्युलन्स म्हणून घसा फोडून ओरडलो, तर ते आणखीच हसले. ताई तेवढी ॲप्रनसकट कमरेएवढ्या पाण्यात शिरली. तिने बोटीत चढून त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, तेव्हा पुढच्या रांगेतल्या टाळ्या थांबल्या, मग मागच्या.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "शेवटचं धडधाकट कोणी पाहिलं? किती वाजता?"

"आठ वाजता," ताई म्हणाली. "मीच चहा दिला."

त्यांनी घड्याळ पाहिलं. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं औषध साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, ती वेळ नुकतीच टळली, असं त्या म्हणाल्या. जीव वाचेल. उजवा हात आणि बोलणं, सांगता येत नाही.

"अर्धा तास आधी आणलं असतं तर?" मीच विचारलं. गप्प बसवेना.

"तर देता आलं असतं."

ताई माझ्या शेजारीच बसली होती. तिने सगळं ऐकलं. अकरा पस्तीसला ती काय म्हणाली होती, हे त्या खोलीत फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं. तिने मला शिव्या घालाव्यात, निदान एक थोबाडीत मारावी, म्हणून मी मान खाली घालून बसलो. तिने माझ्या जांभळ्या बाहीवरची वाळू झटकली आणि म्हणाली, "घरी जाऊन कपडे बदलून ये."