बिनधान्याची पुरणपोळी

चतुराबाईला त्या वर्षी कोणी वय विचारलं असतं, तर तिनं बिनदिक्कत साठ सांगितलं असतं. होती ती बेचाळिशीची. पण दिवसभर दुसऱ्याच्या वावरात राबून आल्यावर आठ महिने ज्या बाईनं रोज एकाच चुलीवर दोन स्वयंपाक केले, तिचं वय वर्षांवर मोजण्यात अर्थ नसतो. तिला नुसतं बसावंसं वाटे. बसलं की उठावंसं वाटत नसे, आणि उठल्याशिवाय तर भागत नसे.

तिचा नवरा देवमन तेल्हाऱ्याच्या पोस्टात टपालवाला होता. मुलगी इंदू अमरावतीला दिलेली, घरात ही दोघंच. बारा वर्षं देवमननं गावातली आणि आजूबाजूच्या खेड्यांतली पत्रं पायी वाटली. अठ्ठावन्न सालच्या होळीच्या सुमाराला त्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला नवी चप्पल चावली. एवढीशी जखम, पण महिना उलटला तरी भरेना. शेवटी दोघं मोटारीनं अकोल्याला गेली. तिथल्या डॉक्टरनं लघवी तपासली आणि साखरेचा रोग आहे म्हणून सांगितलं.

डॉक्टरच्या दारात माणसांची ही रांग. त्यामुळे त्याचं बोलणं तारेतल्या मजकुरासारखं मोजून-मापून. "गूळ-साखर बंद. धान्य बंद. गहू नाही, तांदूळ नाही, ज्वारी नाही. गोळ्या घ्यायच्या. साखर उतरली नाही तर जखम भरणार नाही, जखम भरली नाही तर पाय काढावा लागेल. चला, पुढचा."

पाय गेल्यावर टपालवाल्याचं काय उरतं, हे चतुराबाईला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती ज्वारीच्या कोठीसमोर उभी राहिली तेव्हा तिला रडूच कोसळलं. वऱ्हाडातल्या माणसाला भाकर द्यायची नाही, तर मग द्यायचं काय? पण रडता रडताच तिला आठवलं, की बिनधान्याचे दिवस आपण जन्मात काय कमी काढले? छप्पन सालापर्यंत तिनं एकादशी सोडली नव्हती, सोमवार सोडला नव्हता. मग दोघं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली आणि देवांबरोबर उपासही घरातून गेले. देवमनला त्याचा मोठा आनंद होता. चतुराबाईलाही होता, फक्त साबुदाण्याची उसळ तिला अधूनमधून आठवायची, हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं.

तर ज्या घरातून उपास वाजतगाजत बाहेर काढला होता, त्याच घरात तो दोन वर्षांत परत आला आणि दोन्ही वेळा ताटात बसू लागला. सकाळी साबुदाण्याची उसळ. दुपारी भगर आणि शेंगदाण्याची आमटी. रात्री शिंगाड्याच्या पिठाचं थालीपीठ, नाहीतर बटाट्याची भाजी, नाहीतर उकडलेली रताळी. आणि उपासाचं म्हटलं की बाकीचं आपोआपच बंद झालं. वांगं बंद, मेथी बंद, अंडं-मटण तर नावालाही नाही. तसं डॉक्टरनं काही सांगितलं नव्हतं, पण भगरीशेजारी अंडं ठेवायला तिचा हातच धजेना. जुनी सवय ती, दीक्षेनं थोडीच जाते.

देवमन पहिल्यांदा हसला. "काहून वं इंदूची माय, आपन त उपास सोडले होते ना?"

"हा उपास नोहे, दवाई हाय," ती म्हणाली. "चूप खा."

शिंगाडे ती स्वतः वाळवायची, कुटायची, चाळायची. पहाटे हे, मग निंदण, मग सरपण, मग पुन्हा हेच. एखाद्या रात्री स्वतःपुरती एक भाकर थापणंही तिला नकोसं व्हायचं, मग ती शिळीच चावून झोपायची.

पोळ्याला तिनं कमाल केली. गावभर पुरणाचा वास सुटला होता. देवमनचा पुरणपोळीवर फार जीव. तो नुसता दोनदा दारात जाऊन आला. चतुराबाईला त्याची कीव आली. तिनं रताळी उकडली, पाट्यावर बारीक वाटली, वेलची-जायफळ घालून कढईत आटवली आणि त्याचं पुरण केलं. शिंगाडा आणि राजगिरा यांचं पीठ कोमट पाण्यात मळलं. ते लाटलं की फाटायचं. चार पोळ्या फाटल्या, पाचवी तिनं ओल्या फडक्यावर थापली, तेव्हा कुठं जमली. वर तूप सोडलं.

देवमननं तीन खाल्ल्या. चौथीला तो थबकला. "गूळ टाकला का वं?"

"एक खडा नाई."

"मंग इतकी गोड कशी लागून राहिली?"

"रताळ्याची गोडी हाय ते. जमिनीतली. ते काई साखर नोहे."

देवमनचे डोळे भरून आले. चतुराबाईला इतक्या महिन्यांत पहिल्यांदा वाटलं, की आपल्या राबण्याचं चीज झालं.

डॉक्टरच्या कंपाउंडरनं, देवीदास त्याचं नाव, तिला लघवी तपासायला शिकवलं होतं. काचेची नळी आणि निळ्या औषधाची बाटली त्यानं दिली होती. नळीत औषध घ्यायचं, आठ थेंब लघवीचे टाकायचे आणि दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर उत्तम. हिरवं झालं तर बरं. पिवळं, नारिंगी म्हणजे साखर वाढली. विटेसारखं लाल झालं, की मग काही खरं नाही. दर रविवारी ती हा उद्योग करायची. पहिल्या रविवारी नारिंगी आलं होतं, पुढंही तसंच येत राहिलं. पोळ्यानंतरच्या रविवारी ते विटेसारखं लाल झालं, आणि मग लालच येत राहिलं.

पुढच्या खेपेला तिनं देवीदासला विचारलं. त्यानं मान हलवली. "पेशंट चोरून खात असंन, बाई. समदेच खातेत. लक्ष ठेवा."

ते वाक्य घेऊन ती घरी आली आणि घरातली शांतता गेली ती गेलीच.

तिनं देवमनच्या खाकी कोटाचे खिसे चाचपले. तो झोपला असता त्याच्या तोंडाचा वास घेतला. किराणा दुकानात जाऊन, माझ्या मालकाला गूळ दिला तर बघा, असं बजावून आली. टपालवाल्याला घरोघरी चहा मिळतो, चांगली खबर आणली तर हातावर बत्तासाही पडतो, हे तिला ठाऊक होतं. म्हणून त्याच्यामागोमाग ती तीन घरी विचारून आली. त्या बाया तिच्याकडे अशा पाहू लागल्या, की धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं तिला वाटलं. त्या म्हणाल्या, तो पाणीसुद्धा पीत नाही.

"इंदूची शपथ," देवमन म्हणायचा. "म्या काईच खाल्लं नाई."

"पोरीची शपथ कायले घेता? नळी खोटं बोलते का?"

"मले नाई मालूम नळी काय बोलते."

"पंचशील घेतलेला मानूस तुमी! खोटं बोलाले काईच कसं वाटत नाई?"

हे रोजचंच झालं. ती राबून राबून चिडलेली, तो पायानं बेजार. एखाद्या दिवशी दोघांत एवढी दोनच वाक्यं व्हायची, खाल्लं का आणि नाही खाल्लं. स्वयंपाक मात्र ती पूर्वीपेक्षा मन लावून करायची. घरचं पोटभर, चवीचं मिळालं तर बाहेर जीभ जाणार नाही, असा तिचा हिशेब. साबुदाण्यात तूप वाढलं. भगरीचा वाडगा मोठा झाला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी देवमन ताटावरून उठला आणि म्हणाला, "हो. खाल्ला."

"काय खाल्ला?"

"गूळ."

"कुठचा?"

त्यानं तांब्यातलं पाणी हातावर घेतलं. "बाजारातला."

चतुराबाई त्याच्यावर ओरडली नाही. खरं सांगायचं तर तिला सुटल्यासारखं झालं. म्हणजे आपलं चुकत नव्हतं. आपली मेहनत वाया गेली नव्हती. दोष दुसरीकडे होता आणि तो आता सापडला होता. तिनं त्याला कानाला खडा लावायला सांगितलं, त्यानं लावला. घर शांत झालं. निळ्या औषधाची बाटली संपली होती, ती आणायला अकोल्याला जायची घाईही तिला वाटली नाही. त्यातच कापूस वेचणी सुरू झाली.

महिनाभरानं जखमेची पट्टी सोडली तेव्हा अंगठ्याचं टोक काळं पडलेलं दिसलं.

तेल्हाऱ्याहून कोणी अकोल्याला जात होतं, त्याच्याकडून तिनं औषध मागवलं. उकळलं. लाल.

"पुन्हा खाल्ला!" ती म्हणाली. देवमन भिंतीकडे पाहत राहिला. या वेळी त्यानं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

तेव्हा चतुराबाईनं ठरवलं, की आता याला मुद्देमालासकट धरायचा. देवमननं रजा टाकलीच होती. तिनं वेचणीला दांडी मारली आणि दारात पोतं टाकून बसली. दोन दिवस. तो परसात गेला तरी ती मागं. कोणी आलं तर दारातूनच परत पाठवलं. त्याच्या तोंडात जे गेलं ते फक्त तिच्या हातचं गेलं, तिच्या डोळ्यांदेखत. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं नळी दिव्यावर धरली.

निळं औषध हिरवं झालं, पिवळं झालं, नारिंगी झालं आणि विटेसारखं लाल होऊन थांबलं.

हिशेब अगदी सरळ होता. दोन दिवस त्यानं बाहेरचं काहीच खाल्लं नव्हतं. मग साखर आली ती कुठून? तिनं चुलीकडे पाहिलं. शिंगाड्याच्या पिठाचा डबा, साबुदाण्याचा डबा, भगर, टोपलीतली रताळी, बटाटे.

त्याच सकाळी सगळ्यातलं थोडं थोडं तिनं फडक्यात बांधलं आणि एकटीच अकोल्याची मोटार धरली. देवमनला म्हणाली, दवाई आणते. रांगेत तीन तास बसली. नंबर लागला तेव्हा तिनं ते फडकं डॉक्टरच्या टेबलावर सोडलं. साबुदाणा घरंगळत कागदांवर गेला.

"साहेब, आठ महिने मी त्याईले हेच चारून राहिली. यातल्या कशात साखर हाय?"

डॉक्टरनं आधी कपाळाला आठ्या घातल्या. मग एकेका पुरचुंडीकडे पाहिलं. मग त्यानं पेन खाली ठेवलं.

"सगळ्यात," तो म्हणाला.

"रताळ्यात?"

"रताळ्यात. साबुदाण्यात तर सगळ्यात जास्त. बाई, कणसात पिकलं काय आणि जमिनीत पिकलं काय, पिठाळ ते पिठाळच. पोटात गेलं की त्याची साखर होते."

"तुमी त धान्य बंद म्हनले होते. हे त उपासाचं हाय, साहेब."

बाहेर रांग खोकत होती, पण डॉक्टरनं पुढचा माणूस बोलावला नाही. त्यानं खुर्ची पुढं ओढली आणि पहिल्यांदाच सावकाश सांगायला लागला. मेथी चालते, पालक चालतो, वांगी, दोडकी, काकडी हवी तितकी. ताक, तूप, मूठभर शेंगदाणे. अंडी चालतात. मटण चालतं, मासे चालतात.

"अंडी चालतात?" चतुराबाईनं विचारलं.

"हो, रोज द्या."

घरी दोन कोंबड्या होत्या. आठ महिने ती त्यांची अंडी शेजारी वाटत आली होती. तिनं पदरानं तोंड झाकून घेतलं.

"सोमवारी घेऊन या त्यांना," डॉक्टर म्हणाला. "अंगठा काढावा लागेल. पायाचं मी आज काही सांगत नाही. साखर उतरली तर बघू."

ती घरी पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं. देवमन खाटेवर बसून होता. तिनं चप्पलही काढली नाही. तशीच उभी राहिली आणि सगळं सांगितलं. रताळ्याचं, साबुदाण्याचं, पोळ्याच्या पुरणपोळीचं, अंड्यांचं, अंगठ्याचं. सांगताना तिला वाटत होतं, की यानं आता ओरडावं, ताट-तांब्या काही तरी फेकून मारावं. तिला ते बरं वाटलं असतं.

देवमन ऐकत राहिला. "म्हंजे म्या खाल्लाच नोता गूळ," तो हळूच म्हणाला.

"मंग कबूल काहून केलं तुमी?"

"मले खरंच वाटलं वं, खाल्ला असंन म्हून. तू म्हने, कंपाउंडर म्हने, नळी म्हने. मी एकटाच नाई म्हनो. म्हटलं, झोपेत उठून खात असीन. लोक झोपेत चालतेत, मंग मी खाल्ला असंन."

चतुराबाई खाली बसली.

"मंग कबूल केल्यावर चार रोज सुतळीनं पाय खाटेले बांधून निजलो. हा, चांगला पाय. तू उठाच्या आंदी सोडून घेवो. गाठ रोज जशीच्या तशी राहे. तवा समजलं, का मी काई उठत-गिठत नाई."

"मंग सांगाव नाई मले?" सवयीनं तिचा आवाज चढला. "महिनाभर चूप बसले! तवाच सांगितलं असतं त मी तवाच गेली असती अकोल्याले. अंगठा वाचला असता तुमचा!"

"सांगाले दोनदा उठलो होतो," देवमन म्हणाला. "पन तू झोपली होती. होळीपासून पयल्यांदा अशी झोपून राहिली होती तू, घोरून. म्हटलं, झोपू दे."