स्वखुशीने

त्या गुरुवारी व्हर्डेल प्रुइटच्या पर्समध्ये एक कागद होता, आणि सकाळपासून तिने ती पर्स काखेतून खाली ठेवली नव्हती. मेम्फिसमधल्या त्या शाळेच्या ऑफिसात तिची अकरा वर्षं गेली होती. तेवढ्या काळात हेडमास्तर तीन झाले, पण फोनवरचा आवाज मात्र तिचाच राहिला. कुणाचं पोर तापलं, कुणाचं बसमध्येच झोपून गेलं, आयांना सगळं कळायचं ते व्हर्डेलकडून.

शाळा सरकारी पैशावर चालायची, फी नव्हती, पण कारभार करारावरचा. दर पाच वर्षांनी शहराच्या शिक्षण मंडळापुढे उभं राहायचं, मुलांचे गुण दाखवायचे, आणि गुण घसरले की दाराला कुलूप. यंदा गणिताने घात केला होता आणि आज सुनावणी होती.

"ओपलच्या आईची सही आजच घ्या," हेडमास्तर मिस्टर लाथम सकाळी म्हणाले होते. "उद्या शेवटची तारीख. उद्यापर्यंत पोरगी दुसऱ्या शाळेत गेली, तर परीक्षेत तिचे गुण आपल्या नावावर धरत नाहीत."

"सर, ती पोरगी इथे येऊन वाचायला शिकली."

"वाचनात कुठे मरतोय आपण? गणितात मरतोय! एका पोरीपायी चारशे पोरांची शाळा बुडवू का, सांगा तुम्हीच."

व्हर्डेलने कागद पर्समध्ये घातला. माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत होती. रोज शेवटची बस हलेपर्यंत तो स्वतः फाटकात उभा राहायचा. आणि व्हर्डेल तरी कुठली धुतल्या तांदळासारखी? गेल्या वर्षी अशा दोन सह्या तिनेच आणल्या होत्या. 'तुमच्या मुलाला दुसरीकडे जास्त बरं वाटेल' हे वाक्य तिच्या जिभेवर लोण्यासारखं बसलं होतं. त्यातल्या एका आईने तर तिचे आभार मानले होते. ते आभार तिला अजून टोचत होते.

सुनावणीच्या सभागृहात चाळीस आईबाप पिवळे शर्ट घालून बसले होते. हे शर्ट दर सुनावणीला खोक्यातून निघायचे आणि धुऊन परत खोक्यात जायचे. बोलणाऱ्यांची यादी व्हर्डेलने महिन्यापूर्वीच केली होती, आणि तिसरं नाव होतं शनीसचं, म्हणजे ओपलच्या आईचं. पार्सलच्या गोदामातली रात्रपाळी संपवून ती थेट आली होती.

"तीन वर्षं मी इथल्या प्रवेशाच्या सोडतीला येत होते," शनीस माईकपुढे म्हणाली. "दोनदा हात हलवत घरी गेले. तिसऱ्यांदा मिस व्हर्डेलनी पिंपात हात घातला आणि माझ्या ओपलच्या नंबराचा चेंडू काढला. आधीच्या शाळेतून मला कधी फोन आला नाही हो! पोरगी मेली की जगली, त्यांना पत्ता नाही. इथे मिस व्हर्डेल फोन करतात. ही शाळा बंद करू नका."

टाळ्या झाल्या. व्हर्डेलने पर्स घट्ट धरली.

मंडळाने करार दिला, पण दोनच वर्षांचा, आणि यंदा गणित सुधारलंच पाहिजे या अटीवर. पिवळ्या शर्टांनी एकच गलका केला. अट लाथमनी ऐकली आणि वळून व्हर्डेलकडे बघितलं.

बाहेर पायऱ्यांवर शनीस धावत आली आणि तिच्या गळ्यात पडली. "जिंकलो ना आपण! कशी बोलले मी?"

"छान बोललीस, पोरी," व्हर्डेल म्हणाली आणि कागद काढला. "एक सही हवी होती."

"एवढंच? द्या इकडे. वाका जरा."

शाळेच्या फाटकात घाईच्या आया नेहमी तशाच सह्या करायच्या, व्हर्डेलच्या पाठीवर कागद ठेवून. ती सवयीने वाकली. शनीसने वाचलं नाही, काय आहे म्हणून विचारलंही नाही. पेनाचं टोक पाठीवर फिरू लागलं आणि व्हर्डेलला ते हाडापर्यंत जाणवलं. ती ताडकन सरळ झाली. पेन घसरलं.

"आधी वाच," ती म्हणाली.

शनीसने वाचलं. 'मी स्वखुशीने माझ्या मुलीला या शाळेतून काढत आहे.' तिने पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"हे आज ठरलं?"

"मागच्या आठवड्यात."

"म्हणजे मी आत बोलत होते तेव्हा हा तुमच्या पर्समध्ये होता."

"होता. सही करू नकोस, शनीस. कुणाला जबरदस्ती करता येत नाही. हे मी आधीच सांगायला हवं होतं. तुला आणि त्या दोघींनाही."

शनीसने अर्ध्या सहीचा कागद तिच्या हातात परत दिला. मग ब्लाउजवर चढवलेला पिवळा शर्ट डोक्यावरून काढला आणि नीट घडी घातली.

"ओपल उद्या येईल शाळेत," ती म्हणाली. "फोन आता नका करू मला." शर्ट तिने व्हर्डेलच्या हातावर ठेवला. "धुतलेला नाहीये."

ती निघून गेली. पायऱ्यांच्या टोकाशी उभे राहून लाथम हवेत पेन फिरवल्यासारखं करून विचारत होते, झाली का सही? व्हर्डेलने मान हलवली, नाही. तिच्या हातातला शर्ट अजून गरम होता.