सकाळची आजारी रायफल

मित्रांनो, आपली कहाणी सांगायला सहसा जुनी छत्री पुढे येते, नाहीतर भंगारात निघालेली सायकल. मी मात्र नवीकोरी आहे. माझ्या लाकडी दस्त्यावर अजून धड ओरखडाही नाही. तरीही या हिवाळ्यात मला खोक्यात घालून परत पाठवायची तयारी झाली होती, आणि माझ्यापाठोपाठ एका मुलीचं नाव संघातून वगळलं जाणार होतं. ते कसं टळलं, तेच सांगते.

मी नेमबाजीची छोटी रायफल. माझ्या काडतुसाचा पेट घेणारा मसाला त्याच्या बुडाच्या काठात भरलेला असतो. घोडा दाबल्यावर माझ्या पिनेनं त्या काठावर नीट ठोका दिला की गोळी सुटते. सुटताना बसलेल्या धक्क्यानं माझा बोल्ट, म्हणजे आतला सरकता दांडा, मागे सरकतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो आणि पुढे येताना मॅगझिनमधलं नवं काडतूस आत ढकलतो. हे सगळं डोळ्याचं पातं लवेपर्यंत होतं. कारखान्यातल्या तपासनिसानं मला वाजवून पाहिलं आणि "छान" एवढंच म्हणाला. आयुष्यातली ही पहिली शाबासकी मी अजून जपून ठेवली आहे.

तिथून मी लातूरला आले. गावाबाहेर एका नेमबाजी मंडळाचं मैदान आहे. मंडळाचे चिटणीस शेषेराव यांनी माझ्यासोबत इतके फोटो काढले, की गावात पुष्कळांना नेमबाज तेच वाटतात. त्यांनी आजवर एकही गोळी झाडलेली नाही. मला खरं चालवलं ते लुंबिनीनं. ती बिलोलीची, इथे वसतिगृहात राहून कॉलेजात शिकते. नव्या रायफलीच्या अंगावर कारखान्याचं घट्ट ग्रीस असतं. ते तिनं पहिल्याच दिवशी पुसून काढलं आणि पातळ तेलाचा नावापुरता हात फिरवला. त्या पावसाळ्यात मी एकदाही अडले नाही. आमचे प्रशिक्षक अनंतराव, निवृत्त शिक्षक, निशाणाचा कागद उजेडात धरून म्हणायचे, "लुंबिनी, संघात तुझी जागा पक्की समज."

मग खंडेनवमी आली. लुंबिनी गावी गेली होती, अशोक विजयादशमीच्या कार्यक्रमाला. इकडे मला पाटावर ठेवून झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिलं, आणि शेषेरावांनी मला मनापासून तेल लावलं. आत, बाहेर, सढळ हातानं. मला तर माहेरपणाला आल्यासारखं वाटलं.

थंडी पडली आणि मी आजारी पडले. सकाळी सरावाला घोडा दाबला की नुसतं "टक्". काठावर पिनेचा फिकट वळ उठायचा, गोळी सुटायची नाही. चुकून सुटलीच, तर बोल्ट अर्ध्या वाटेत रेंगाळायचा आणि पुढचं काडतूस तिरपं होऊन दाराशी अडकायचं. लुंबिनी मात्र शिस्त सोडायची नाही. नळी निशाणाकडेच धरून थांबायची आणि मगच बोल्ट उघडायची. तिनं काडतुसाचं खोकं बदललं. मॅगझिन काढून टिचकी वाजेपर्यंत पुन्हा बसवलं. नळी साफ केली. गुण नाही.

"सर, बघा की एकदा," ती म्हणायची.

सर यायचे, पण दुपारी, चहा झाल्यावर, ऊन चढल्यावर. आणि दुपारी मी ठणठणीत! पोट दुखतं म्हणून शाळा बुडवलेलं पोर दुपारी लगोऱ्या खेळताना सापडावं, तशी माझी गत. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, पण माझा आवाज तुम्हाला ठाऊक आहे. तो निघत नव्हता, हेच तर दुखणं होतं.

"रायफल चांगली हाय," शेषेरावांनी निकाल दिला. "पोरगी घाबरती. हात आखडून राहिला तिचा."

"काका, मी घाबरून न्हाई राहिले," लुंबिनी म्हणाली. "गोळी वर येऊन राहिली, पर आत जाऊन न्हाई राहिली."

"मग दुपारी कशी जाती? का दुपारी तिला वाट दिसती?"

सगळे हसले. लुंबिनी हसली नाही. माणसांचा हिशोब मी तेव्हाच ओळखला. रायफल चालली की शाबासकी मंडळाच्या नावावर, अडली की खोट पोरीच्या नावावर.

संघाच्या निवडीचा दिवस उजाडला. नांदेडहून परीक्षक प्रमोदिनीबाई आल्या होत्या. हुडहुडी भरवणारी सकाळ. लुंबिनीनं श्वास धरला, घोडा दाबला. टक्. पुन्हा भरलं, एक गोळी सुटली, दुसरी अडकली. तिनं नळी निशाणाकडे ठेवूनच हात वर केला.

"रायफल अडली तर पुन्हा संधी मिळते, पण एकदाच," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "बाकीच्यांचं होईपर्यंत दुरुस्त करा."

"परत पाठवूनच देऊ हिला," शेषेराव पुटपुटले आणि फोटोची वेळ जवळ आली म्हणून केसांच्या तयारीला लागले. कपाटातून त्यांनी खोबरेलाची बाटली काढली, तळहातावर उपडी केली. काही नाही. बुडावर थापट्या मारल्या. काही नाही.

"निघंना की ओ हे! पार दगड झालंय."

"थंडी आहे, थिजणारच," अनंतराव म्हणाले. "कठड्यावर उन्हात ठेवा, दुपारपर्यंत होईल पातळ."

लुंबिनीनं मान वर केली. बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काका, नवमीला रायफलीला कोणतं तेल लावलं व्हतं?"

"हेच की! मशीनच्या तेलाला वास येतो, देवापुढं कसं चालंल? एकदम शुद्ध लावलंय, माझ्या हातानं."

अनंतरावांनी कपाळावर हात मारला. "अहो शेषेराव! म्हणून ही दुपारची शहाणी!"

लुंबिनीनं मॅगझिन काढलं, आत काडतूस नसल्याची खात्री केली आणि बोल्ट बाहेर घेतला. पिनेच्या घरात, स्प्रिंगच्या वेढ्यांत थिजलेल्या खोबरेलाचं पांढरं लोणी बसलं होतं. सफाईच्या द्रावणानं तिनं कण न् कण काढला, कोरड्या फडक्यानं पुसलं, मशीनच्या तेलाचं एक बोट फिरवलं. मित्रांनो, बंद नाक अचानक मोकळं झालं की कसं वाटतं? अगदी तसं.

मग आम्ही दोघी उभ्या राहिलो. ऊन अजून कठड्यापर्यंत आलं नव्हतं, बाटली दगडच होती, आणि मी निवडीसाठी ठरलेल्या पाचही गोळ्या एका दमात म्हणून दाखवल्या. प्रमोदिनीबाईंनी कागद पाहिला आणि लुंबिनीचं नाव लिहिलं. तिनं माझ्या दस्त्यावर कपाळ टेकलं, आणि तिचे खांदे सैल झालेले मला जाणवले.

"बघा, तेल मी लावलं व्हतं म्हणून तर कळलं," शेषेराव म्हणाले. फोटोत ते मधोमध आहेत, केस विस्कटलेले.

मित्रांनो, माझी पूजा जरूर करा, पण जे तुमच्या केसांना मानवतं ते माझ्या पोटात घालू नका. आणि कुणी सांगितलं की सकाळी अडतंय, तर सकाळीच या. आमचे अनंतराव आता कानटोपी घालून, चहाच्या नावानं कुरकुरत, दिवस उगवायच्या आत मैदानावर हजर असतात. लुंबिनी म्हणते, "सर, ऊन आल्यावर या की." ते म्हणतात, "नको. आजारी माणसाला तो आजारी असतानाच बघावं."